लाल गालांची बोली

माझ्या चेहऱ्याच्या पोटात काही राहत नाही. माझ्या राहतं, चेहऱ्याच्या नाही. मी साइव्ह, वय पंधरा, आणि आमच्या बॅलिनाहोन गावात कुणालाही विचारा, ते सांगतील की ती टोमॅटो ना, कोपऱ्यावरच्या घरातली.

मॅमीचंही तेच. फरक एवढाच की तिच्या लालीला डॉक्टरने नाव दिलंय, रोझेशिया. मॅमीला चहा प्यायला की लाली, शेगडीजवळ उभं राहिलं की लाली, फादर कोलमननी नुसतं "कशी आहेस अट्रॅक्टा?" विचारलं तरी लाली. माझी लाली वेगळ्या जातीची आहे. मला खोटं बोलताना, खरं बोलताना, आणि हातात चांगली पानं आली की लाली येते. ही शेवटची जात सगळ्यात घातक, कारण या वर्षी मी अंकल फर्सींची भिडू होते.

अंकल फर्सी म्हणजे मॅमीचे सख्खे काका. वय एकोणऐंशी. आमच्या हॉलमध्ये दर हिवाळ्यात पत्त्यांची स्पर्धा होते आणि जिंकणाऱ्या जोडीचं नाव चांदीच्या कपावर कोरतात. त्या कपावर मॅलकी आणि कोलंबा टूही या दोन भावांचं नाव अकरा वेळा आहे. अंकल फर्सी अंतिम सामन्यात सात वेळा पोचले आणि सातही वेळा हरले. आता त्यांना काचबिंदू आहे. समोरचं छान दिसतं, बाजूचं हळूहळू पुसत चाललंय. ऑक्टोबरमध्ये त्यांची जुनी भिडू तिच्या मुलीकडे राहायला गेली तेव्हा ते आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसले आणि म्हणाले, "एकच वर्ष अजून खेळतो. कपावरचं नाव मला माझं मला वाचता आलं पाहिजे. कुणी वाचून दाखवलेलं नको." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ही पोरगी शाळेत हल्ली फार बोलते म्हणे. बोली लावायला बरी."

मी शाळेत हल्ली फार बोलते, हे खरं. त्यामागे एक किस्सा आहे. सप्टेंबरमध्ये मी शाळेच्या ध्वनिक्षेपकावर सूचना वाचल्या, बटण बंद करायला विसरले, आणि मैत्रिणीला म्हणाले की भूगोलाच्या हेनेगनसरांची नवी दाढी म्हणजे हनुवटीवर बिज्जू, ते बिळात राहणारं केसाळ जनावर, झोपल्यासारखी दिसते. चौदा वर्गांनी ऐकलं. हेनेगनसरांनीही ऐकलं, कारण ते दारात उभे होते, बिज्जूसकट. मी तीन दिवस लाल होते. चौथ्या दिवशी लक्षात आलं की याहून वाईट माझं आयुष्यात काही होणार नाही, आणि तेव्हापासून मला कशाचीच भीती वाटेनाशी झाली. वक्तृत्वात नाव दिलं. नाटकात नाव दिलं. चेहऱ्याला मात्र ही बातमी अजून पोचलेली नव्हती.

आता खेळ सांगते, दोन मिनिटांत. एकशे दहाचा डाव. प्रत्येकाला पाच पानं. आधी बोली: पंधरा, वीस, पंचवीस. ज्याची बोली मोठी तो हुकूम ठरवणार. प्रत्येक हाताचे पाच गुण, आणि त्या डावातल्या सगळ्यात मोठ्या हुकमाचे वर पाच. बोली पुरी केली नाही तर तेवढे गुण वजा. एकशे दहाला आधी पोचेल तो जिंकला. आमच्याकडे हुकमाची पंजी सगळ्यांच्या वर, तिच्या खाली हुकमाचा गुलाम, त्याच्या खाली बदाम एक्का, मग हुकूम बदाम असो नसो. झालं.

तर उपांत्य सामन्यात काय झालं? माझ्या हातात पंजी आली की मी लाल. समोरची बाई पहिल्या तीन डावांत ओळखून चुकली. "आली वाटतं," ती म्हणायची आणि पानं मिटून बसायची. त्यातून अंकल फर्सींना डुलकी लागली. हातात पानं धरून, हनुवटी छातीवर. मी टेबलाखालून लाथ मारली तेव्हा ते दचकून म्हणाले, "पंधरा!" आणि त्या पंधरावर आम्ही जिंकलो. निव्वळ नशीब. शेजारच्या टेबलावर मॅलकी टूही पोट धरून हसत होता. "फर्सी, तुझी भिडू पेटलेला दिवा आणि तू विझलेला! अंतिम सामन्यात काळा चष्मा घालून येतो मी, डोळे दिपायला नकोत!"

मला घरी जाऊन उशीत तोंड खुपसावंसं वाटलं. खुपसलंही.

आणि त्याच आठवड्यात मॅमीचं मलम आलं.

डॉक्टरने चेहऱ्याच्या लालीसाठी दिलेलं, दिवसातून एकदा लावायचं. कपाळ, नाक, हनुवटी आणि दोन गाल अशा पाच जागी, प्रत्येक जागी मटाराएवढं. आता, आमच्या घरात मटार म्हणजे शुक्रवारच्या माशाबरोबर खातो ते, वाळलेले, रात्रभर पाण्यात घातले की सकाळी गोटीएवढे फुगतात ते.

"मटाराएवढं म्हणजे भिजवण्याआधी की नंतर?" डॅडींनी विचारलं.

"नंतरच असणार," मॅमी म्हणाली. "कोरडा मटार कोण खातं?"

"खायचं नाहीये, अट्रॅक्टा. लावायचंय."

"माझा चेहरा काय छोटा आहे का?"

यावर शहाणा माणूस उत्तर देत नाही, आणि डॅडी शहाणे आहेत. रविवारी मॅमीने पाच फुगलेल्या मटारांएवढं मलम थापलं आणि चर्चमध्ये मासच्या प्रार्थनेला बायबलचा उतारा वाचायला उभी राहिली. अर्ध्या तासात ती चुन्यासारखी पांढरी. खरंच! नाक पांढरं, गाल पांढरे, फक्त कान तेवढे ओळखीचे. बाहेर पडल्यावर तीन बायकांनी डॅडींना बाजूला घेऊन विचारलं की किती दिवस सांगितलेत. एकीने तर तिच्या नावाने मेणबत्तीच लावली. मॅमी मात्र खूश. आरशासमोरून हलेना.

संध्याकाळी औषधाचा अंमल उतरला आणि लाली परत आली. नुसती नाही, नातेवाईक घेऊन आली. मॅमीचं तोंड उकडलेल्या लॉबस्टरसारखं, वर आग आग. डॅडींनी थंड पाण्याचा फडका दिला आणि शहाणपणाने बाहेर कोंबड्या बघायला गेले. मॅमीने मलमाची नळी कपाटात टाकून किल्ली फिरवली.

पण मी घड्याळ बघितलं होतं. पांढरी किती वेळ होती? चांगले सात-आठ तास. अंतिम सामना किती वेळ? फार तर दोन. मग नंतर लॉबस्टर झाले तर झाले! मी मॅमीला विचारलं. मॅमी म्हणाली, "अठराच्या आतल्यांनी लावायचं नाही, डॉक्टरने बजावलंय. आणि तुला काही झालेलं नाही, तू लाजाळू आहेस."

"मी? लाजाळू? मी चौदा वर्गांना बिज्जू ऐकवलाय!"

"तोंड बघ आरशात," मॅमी म्हणाली. बघितलं. लाल.

बुधवारी शाळा सुटल्यावर मी अंकल फर्सींकडे गेले. ते अंगणात सरपण फोडत होते. मी आत गेले. खिडकीत साखरेच्या भांड्याशेजारी त्यांच्या डोळ्यांच्या थेंबांची बाटली होती. मी सहज उचलली, लेबल वाचलं, आणि माझ्या डोक्यात फटाका फुटला. ब्रिमोनिडीन! मॅमीच्या नळीवर हेच नाव! अक्षर न् अक्षर तेच! म्हणजे एकच औषध डोळ्यात घातलं की काचबिंदूचं, तोंडाला लावलं की लालीचं. मला वाटलं हा शोध जगात फक्त मला लागलाय.

मी आरशासमोर उभी राहिले, बाटली उलटी केली, एक थेंब बोटावर घेतला. चिमुकला. याने एक गालही भागणार नव्हता. मग अख्खी बाटली लागेल का? तेवढ्यात आरशात माझ्या मागे अंकल फर्सी दिसले. दोन्ही हातांत लाकडं.

"काय चाललंय?"

"काही नाही." माझा चेहरा लगेच त्यांच्या बाजूला गेला, म्हणजे लाल झाला.

त्यांनी लाकडं खाली ठेवली, जवळ आले, माझ्या हातातून बाटली घेतली आणि टोपण लावलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"अ स्तोर," ते म्हणाले. म्हणजे 'माझ्या सोन्या', लाडात आले की हेच म्हणतात, आणि या वेळी लाडाचं काही कारण नव्हतं. "डोळ्याच्या आत दाब वाढतो माझ्या. तो नस खातो. जे गेलं ते परत येत नाही. हे थेंब उरलेलं राखतात. सकाळी एक, संध्याकाळी एक. तू हे गालाला फासलंस तर मी काय करू? गाल घेऊन बघू?"

मला हसूही आलं आणि रडूही. दोन्हीला माझा चेहरा एकच रंग वापरतो.

"मला वाटलं, तुम्ही माझ्यामुळे हराल. मॅलकी माझं तोंड वाचतो. आणि हे तुमचं शेवटचं वर्ष."

त्यांनी टोपी घातली. "चल. डेर्वलाकडे."

डेर्वला आमची औषधवाली. तिच्यापुढे खोटं चालत नाही, कारण तिला गावातल्या प्रत्येकाच्या पोटातलं शब्दशः माहीत असतं. अंकल फर्सींनी सगळं सांगून टाकलं, काही गाळलं नाही. डेर्वलाने चष्मा कपाळावर ढकलला.

"साइव्ह, बाई माझे, औषध एक असलं तरी थेंब वेगळे आणि मलम वेगळं. जोर वेगळा, जागा वेगळी. पाटावरवंटा आणि कुंपणाची भिंत दोन्ही दगडाचे, म्हणून भिंतीवर मसाला वाटशील का? आणि तुझं वय अठरा नाही, तुला रोझेशिया नाही. तोंड सुन्न पांढरं पडेल, मग दुप्पट लाल होऊन परत येईल. विश्वास नसेल तर आईला विचार."

"आईने भिजवलेले मटार धरले होते," मी म्हणाले.

डेर्वलाला समजायला जरा वेळ लागला. समजल्यावर तिने काउंटरवर डोकंच टेकलं. खांदे हलत होते. "लहान मटार," ती शेवटी म्हणाली, डोळे पुसत. "लहान. कोरडा. तिला म्हणावं आता काही लावू नकोस, आधी डॉक्टरना फोन कर, ते म्हणाले तरच पुन्हा, आणि थोडकं." मग ती अंकल फर्सींकडे वळली आणि तिचा आवाज कामाचा झाला. "आणि तुम्ही! बाटली कुठे ठेवता?"

"खिडकीत. साखरेपाशी."

"हिचा धाकटा भाऊ दीड वर्षाचा, दिवसभर तुमच्या घरात दुडदुडत असतो. दोन वर्षांच्या आतल्या बाळाच्या पोटात हे गेलं तर बाळ असं गुंगतं की श्वास मंदावतो. आजच्या आज वरच्या फळीवर. समजलं?"

अंकल फर्सींचा रंग उतरला. मलमाशिवाय. "समजलं."

"तोंडाला कोरड पडते?"

"म्हणून तर चहा पितो दिवसभर."

"आणि झोप?"

"झोप कसली," ते म्हणाले.

"अंकल!" मी ओरडले. "उपांत्य सामन्यात तुम्ही घोरलात!"

डेर्वलाने भुवया उचलल्या. "संध्याकाळचा थेंब कधी घालता?"

"साडेसातला. मग गाडी काढतो आणि आठला हॉलवर."

"गाडी काढता!" ती इतक्या जोरात म्हणाली की शांपू बघणारी बाई दचकली. "या थेंबांनी कुणाकुणाला पेंग येते. डोळ्यांपुढे धूसरही होतं. स्टिअरिंगला हात लावायचा नाही त्यानंतर!" तिने तिथूनच डोळ्यांच्या दवाखान्यात फोन लावला, अंकल फर्सींच्या रक्तदाबाच्या गोळीचं नावही वाचून दाखवलं, बराच वेळ हं हं केलं, आणि फोन ठेवला. "ठरलं. सकाळी साडेनऊ, रात्री साडेनऊ. बारा तासांचं अंतर तेच राहील. एकही थेंब चुकवायचा नाही, पत्ते असोत नाहीतर पोप येवो. आणि घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरायचा, म्हणजे औषध डोळ्यात राहतं, अंगात कमी उतरतं. धरता का?"

"मी पुसतो आणि निघतो," अंकल फर्सी म्हणाले.

"अकरा वर्षं टूही का जिंकतात ते आज कळलं मला," डेर्वला म्हणाली.

परतताना अंकल फर्सी म्हणाले, "तुझ्या तोंडाचं औषध नाही, तर नाही. पण एक सांग. ते फक्त पंजीलाच लाल होतं का?"

"छे. कशालाही. नुसता बिज्जू आठवला तरी."

ते रस्त्यात थांबले. माझ्याकडे पूर्ण मान वळवून बघितलं, हल्ली तसंच बघावं लागतं त्यांना. मग परत चालायला लागले, आणि मला वाटतं ते शीळ घालत होते.

शुक्रवारी आठला हॉल खच्चून भरलेला. मॅमी चहाच्या टेबलावर, आपल्या नेहमीच्या मध्यम लालीत. मॅलकी टूही खरोखर काळा चष्मा घालून आला होता. लोक हसले. मी पण हसले, आणि मला स्वतःचंच कौतुक वाटलं. कोलंबा, त्याचा भाऊ, आपली पानं मुद्दाम टेबलाच्या कडेला टाकायचा, अंकल फर्सींच्या नजरेबाहेर. म्हणून मी पडलेलं प्रत्येक पान मोठ्याने म्हणायचे. फादर कोलमननी परवानगी दिली होती.

अंकल फर्सी टक्क जागे होते. तरीही सामना रस्सीखेचीसारखा चालला. मला दोनदा पंजी आली, दोनदा मी पेटले, दोनदा मॅलकीने चष्म्यावरून बघून बोली सोडून दिली. "धन्यवाद, दिवाबाई." नऊ वाजून गेले तेव्हा ते शंभरवर, आम्ही पंच्याण्णववर. अंकल फर्सींनी पानं वाटली.

मी माझी उचलली. इस्पिक सत्ती, चौकट दुर्री, चौकट नव्वी, बदाम चौकी, इस्पिक राणी. कचरा. पेटी भरून कचरा. चेहरा गारेगार. मॅलकीने चष्मा खाली घेतला, मला न्याहाळलं आणि खुर्चीत ऐसपैस टेकला. या माणसाने पंधराची बोली पुरी केली की झालं, कप परत त्याच्या कपाटात, बाराव्यांदा.

कोलंबा म्हणाला, "पास."

माझी पाळी. आणि मी बिज्जू आठवला. हेनेगनसर दारात, हातात नकाशा, दाढी थरथरतेय. ध्वनिक्षेपकाचा तो हिरवा दिवा. आठवलं की नंतर ते शांतपणे म्हणाले होते, "साइव्ह, बिज्जू निशाचर असतो. दिवसा झोपणारच." हनुवटीपासून सुरुवात झाली. गाल, कान, कपाळ. केसांच्या मुळांपर्यंत गेलं असणार. मी पानं छातीशी धरली आणि म्हणाले, "वीस."

मॅलकीने चष्मा काढूनच ठेवला.

बघा, त्याने मला सोडलं असतं तर मी मेले होते. वीस वजा, आम्ही पंचाहत्तरवर, आणि अंकल फर्सींचं शेवटचं वर्ष माझ्या दाढीवाल्या विनोदात संपलं असतं. माझं हृदय कानात वाजत होतं, आणि त्याने लाली अजूनच चढली, तेवढीच मदत. मॅलकी हिशोब करत होता, दिसत होतं: हिच्याकडे पंजी, वीस पुरे केले तर एकशे पंधरा, खेळ खलास. मोडायचं तर वर जायला हवं.

"पंचवीस," तो म्हणाला. "किलवर."

"पास," अंकल फर्सी म्हणाले. त्यांचा चेहरा म्हणजे दगडी कुंपण.

मॅलकीने किलवरचा गुलाम असा आपटला की कपातला चहा हिंदकळला. त्याची नजर माझ्यावर, कारण त्याच्या मते पंजी माझ्याकडे होती ना! आणि किलवर त्याच्याच हातात भरलेले, तेव्हा ती किलवरची नसणार अशी त्याची खात्री.

"किलवर गुलाम, अंकल," मी म्हणाले.

"दिसला." अंकल फर्सींनी मान वळवून गुलामाकडे नीट बघून घेतलं, जणू त्याचा निरोप घेत होते, आणि त्याच्यावर अलगद किलवरची पंजी ठेवली.

हॉलमध्ये कुणीतरी "ओह!" म्हणालं. हाताचे पाच, मोठ्या हुकमाचे पाच. एकशे पाच. मॅलकीचं तोंड उघडं. अंकल फर्सींनी पुढचं पान उतरवलं: बदाम एक्का. किलवरचा राजा त्याच्याखाली आला, राणी आली, माझी सत्ती आली. एकशे दहा.

मी खुर्चीवर चढले. मला खाली कुणी ओढलं ते आठवत नाही, मॅमी असावी, कारण ती लॉबस्टर झाली होती आणि तिला पर्वा नव्हती. मॅलकीने माझी पानं उलटी करून बघितली. एक एक करून. दुर्री बघितली, चौकी बघितली. मग हळू आवाजात म्हणाला, "पोरी, खरं सांग. हे लाल व्हायचं औषध डेर्वलाकडे मिळतं का?"

"मिळतं," मी म्हणाले. "पण कोरडा मटार सांगा. भिजवलेला नको."

फादर कोलमन कप घेऊन आले. टाळ्या. सगळे म्हणायला लागले, फर्सी, बोला, दोन शब्द! अंकल फर्सी उभे राहिले, भिंतीवरचं घड्याळ बघितलं आणि खिशातून बाटली काढली.

"साडेनऊ," ते म्हणाले. "थांबा जरा." एका डोळ्यात थेंब, दुसऱ्या डोळ्यात थेंब, डोळे मिटून दोन्ही बोटं नाकाजवळच्या कोपऱ्यांवर. आणि तसेच उभे राहिले. पूर्ण गाव बघत राहिलं. डेर्वला मागच्या रांगेत हात जोडून छताकडे बघत होती.

"तू बोल," ते डोळे न उघडता मला म्हणाले. "दोन मिनिटं आहेत."

मी ध्वनिक्षेपक घेतला. चेहरा अर्थातच लाल. पहिलं वाक्य म्हणाले, "नमस्कार, हे बटण चालू आहे ना?" आणि मागून हेनेगनसरांचा आवाज आला, "आहे!" बिज्जूसकट. मग काय, मी दोन मिनिटं बोलले, म्हणजे मॅमी म्हणते आठ. मटारांपासून सुरू केलं.

मी थांबले तेव्हा अंकल फर्सींनी डोळे उघडले होते. त्यांनी कप अगदी नाकासमोर धरला, जिथून त्यांना सगळ्यात चांगलं दिसतं, आणि हळूहळू फिरवत वाचला. टूही, टूही, टूही. मग मोकळी जागा आली. तिच्यावर त्यांनी अंगठा फिरवला.

"जागा कमी आहे," ते म्हणाले. "तुझ्या नावाच्या स्पेलिंगमध्ये न उच्चारायची अक्षरंच जास्त. तुझं आधी कोरू दे. माझं उरलेल्यात बसवतील. पण अक्षरं मोठी काढायला सांग, अ स्तोर. मोठी. मला पुढच्या वर्षीपण वाचायचंय."